वेतोबाच्या मुलखात झोंबी

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. वेंगुर्ल्याकडची बाई, भुतांना काही तोटा नाही, तरी झोंबीपटांतली ही परदेशी मढी कशाला बघत बसते? आणि बघायचीच तर त्यातली कुठली? पाहुणेही विचारतात, घरचेही.

आमच्याकडच्या भुताशी बोलता येतं. त्याला नाव असतं, जागा ठरलेली असते आणि त्याचं काहीतरी मागणं असतं. आमच्या जवळच्या आरवली गावचा राखणदार वेतोबा, त्याला तर केळ्यांचे घड आणि भल्यामोठ्या चामडी वहाणा वाहतात. रात्री गावात फिरून फिरून त्या झिजतात, असं मानतात. कुणाला काही अडलं की गाऱ्हाणं घालायचं, चारचौघांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं, की निम्मी भीती तिथेच उतरते. माझी आते एकदा मागे उभी राहून झोंबीपट बघत होती. जरा वेळाने म्हणाली, “पण तेंका व्हया काय?” म्हटलं, आते, त्यांना फक्त चावायचंय. “मगे गाऱ्हाणां घालून काय उपेग,” म्हणत ती तांदूळ निवडायला गेली.

आतेने नेमकं ओळखलं. झोंबीची समजूत काढता येत नाही, म्हणून सिनेमा उरतो तो दाराच्या अलीकडच्या माणसांचा. दार कुणी लावलं आणि कुणाला बाहेर ठेवलं, हे ज्यात नीट दाखवलंय ते मला आवडतात. रक्त किती सांडलं याच्याशी मला फारसं घेणंदेणं नाही.

मुळात हा प्राणी हैतीचा. उसाच्या मळ्यांत गुलाम म्हणून राबवलेल्या माणसांची ती भीती, की मेल्यावरही सुटका नाही. १९३२ चा ‘व्हाइट झोंबी’ आज बराच नाटकी वाटतो, पण त्यातल्या साखरेच्या गिरणीसाठी तो बघाच. मढी चरक फिरवतायत, एकाचा तोल जाऊन तो आत पडतो आणि बाकीचे फिरवतच राहतात. कुणी मान वळवत नाही. लाकडाची करकर तेवढी चालू.

माणसं खाणारा, जथ्याने येणारा आजचा झोंबी मात्र जॉर्ज रोमेरोने घडवला, १९६८ च्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’मध्ये. पेनसिल्व्हेनियातलं एक शेतघर, कृष्णधवल चित्रण, रक्ताच्या जागी चॉकलेटचं सिरप. आत सात माणसं. बेन म्हणतो, खिडक्यांना फळ्या ठोकू आणि वरच थांबू, म्हणजे निसटायला वाट राहील. हॅरी कूपर म्हणतो, तळघरात जाऊ, एकच दार सांभाळायचं. बाहेरून हात फळ्या ओरबाडतायत आणि आत हे दोघे ‘इथे माझं चालणार’वर अडून बसलेत. शेवट सांगत नाही. पण दोघांत बरोबर कोण, याचा सिनेमाने लावलेला निकाल बघून चीड येते, आणि ती यावीच. बेनचं काम ड्वेन जोन्स या कृष्णवर्णीय नटाने केलंय. पटकथेत त्याच्या रंगाचा उल्लेखही नाही, पण १९६८ च्या अमेरिकेत तो पडद्यावर आला की प्रत्येक भांडणाला वेगळीच धार चढते. ऐनवेळी नाव बदलताना वितरकांकडून कॉपीराइटची ओळ गाळली गेली, त्यामुळे हा सिनेमा कुणाच्याच मालकीचा उरला नाही. इंटरनेटवर फुकट बघा, चोरी होत नाही.

रोमेरोचाच १९७८ चा ‘डॉन ऑफ द डेड’ पुष्कळांना याहून भारी वाटतो. मॉलमध्ये भटकणारी मढी ही कल्पना झकास, पण ती मला लवकर कळते आणि पुढे सिनेमा लांबतो.

कोकण रेल्वेने ये-जा करणाऱ्यांनी २०१६ चा कोरियन ‘ट्रेन टू बुसान’ चुकवू नये. सोलहून सुटलेली गाडी, एका डब्यात लागण झालेली मुलगी चढते, पुढचं ओघाने आलंच. दिग्दर्शक यॉन सांग-हो यांनी त्यात एक नामी गोष्ट केलीय: बोगदा आला, अंधार पडला की या झोंबींना दिसत नाही, ते जागच्या जागी घुटमळतात. मग काही जण बोगदा गाठून त्यांच्यामधून सरकत, सामानाच्या फळीवरून रांगत, पुढच्या डब्याकडे जातात. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे. त्यातून जाताना मी मनातल्या मनात कितीदा डबे ओलांडलेत!

पण खरा घाम पुढे फुटतो. एवढं करून ती माणसं धडधाकट प्रवाशांच्या डब्याशी पोचतात, तर आतल्यांनी दार बांधून घेतलेलं. एका बस कंपनीचा बडा साहेब सगळ्यांना पटवत असतो की ह्यांना घेतलं तर आपण मेलो. गणपतीत मधल्या स्टेशनावर गाडी थांबते, आतून कडी लावलेली असते, बाहेर बायका-मुलं दार बडवतात आणि आतून आवाज येतो, “जागा नाय, पुढच्या डब्यात जावा.” मी त्या दाराच्या दोन्ही बाजूंना उभी राहिलेय. म्हणून त्या साहेबाला नुसता खलनायक म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

डॅनी बॉइलच्या २००२ च्या ‘ट्वेंटीएट डेज लेटर’मधले लोक तर मेलेलेही नाहीत, विषाणूने पिसाळलेले आहेत, आणि धावतात. त्यातलं निर्मनुष्य लंडन अजून अंगावर येतं. त्याच मालिकेतला २०२५ चा ‘ट्वेंटीएट इयर्स लेटर’ किनाऱ्यावरच्यांनी जरूर बघावा. बेटावरची वस्ती, मुख्य भूमीला जोडणारी एकच वाट, भरतीला ती पाण्याखाली. अलिबागच्या कुलाबा किल्ल्याला ओहोटी साधून चालत गेलेल्यांना सांगायला नको. बाप-लेक त्या वाटेने जीव घेऊन पळतात, पायाखाली पाणी चढतंय, आणि मी पडद्यासमोर बसून ओरडते, अरे, निघायच्या आधी भरतीची वेळ बघायची असते!

घरी सगळ्यांसोबत बघायचा तर आपला ‘झोंबिवली’, २०२२ चा. आदित्य सरपोतदारांनी डोंबिवलीत टॉवरवाले आणि शेजारची वस्ती यांच्यामधलं गेट बरोबर हेरलंय. पुढे २०२४ साली त्यांनीच ‘मुंज्या’ काढला, कोकणातला, आणि आते तो पूर्ण बसून बघते, कारण मुंज्याला लग्न करायचं असतं. ‘गो गोवा गॉन’ मित्रमंडळींत चालतो, एकट्याने बघू नका, हसू येत नाही.

आणि ज्यांना रक्त बघवत नाही त्यांनाही मी जपानी ‘वन कट ऑफ द डेड’ लावून देते. शिनइचिरो उएदा या दिग्दर्शकाचा २०१७ चा सिनेमा, अगदी कमी पैशांत केलेला. पहिली ३७ मिनिटं एकच सलग शॉट: नट मध्येच गप्प होतात, कॅमेरा जमिनीवर पडून राहतो, काही संवाद उगाच ताणलेले. तुम्ही म्हणाल, हे काय दाखवलंस! थांबा. जत्रेत दशावतार रंगपटाच्या बाजूने बघितलाय त्यांना पुढचं जास्तच कळेल: संहिता नाही, राक्षसाला ऐनवेळी ठसका लागलाय आणि पेटीवाला सूर लांबवत वेळ मारून नेतोय. याहून अधिक सांगणं पाप आहे. त्या सिनेमाबद्दल आधी काही वाचू नका, आणि ३७ मिनिटं होईपर्यंत घरातल्या कुणाला चहा टाकायलाही उठू देऊ नका.