गायरानातले दोन खड्डे

"कायले खोदून राहिली बाई? खाली निस्ता गोटा आहे."

काकाजींनी हे तीनदा विचारलं. पहिल्यांदा मी हातात टिकास घेतलं तेव्हा, दुसऱ्यांदा सब्बल दगडावर आदळून ठणकन वाजली तेव्हा आणि तिसऱ्यांदा मी खड्ड्याच्या कडेला पालथी पडून चाकूने माती खरवडत होते तेव्हा. माझ्या माहेरच्या गावाचे ते शेवटचे गायकी. कोंढाळीच्या पुढे हायवे सोडून आत गेलं की टेकड्या लागतात. त्यांच्या पायथ्याशी आमचं गाव आणि गावाच्या वर गायरान. पन्नास वर्षं काकाजींनी तिथे ढोरं चारली. मी नागपुरात तीस वर्षं मातीचं काम करते, पण ज्या जमिनीवर लहानपणी बोरं वेचली तिथे खड्डा खोदायला मला गेल्या फेब्रुवारीत सवड मिळाली.

गावात या जमिनीला सगळे पोटखराब म्हणतात. सातबाऱ्यावरचा हा शब्द, नांगर चालत नाही अशा क्षेत्रासाठी. गायरानाच्या सातबाऱ्यावर खरं तर 'गुरचरण' लिहिलेलं आहे, पण तोंडी पोटखराबच. हा शब्द मला लागतो. नांगराच्या नजरेने पाहिलं तर ही जमीन खराबच. गवताच्या नजरेने कुणी पाहिलंच नाही.

आमच्या भागाला मातीचे शब्द कमी नाहीत. नाल्याकाठी काळी, तिच्या वर मोरंड, मग खरडी आणि टेकडीला लागून बरड. जुन्या इंग्रजी बंदोबस्तात साराही याच नावांवर ठरायचा. शास्त्रीय वर्गीकरण शिकले तेव्हा मी घरी येऊन आबांच्या वावरापासून टेकडीपर्यंत चालत गेले आणि दोन्ही यादी जुळवून पाहिल्या. खाली उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी काळी म्हणजे व्हर्टिसॉल. मधली खरडी इन्सेप्टिसॉल, म्हणजे जिच्यात थर पडायला नुकती सुरुवात झाली आहे. वरची बरड एंटिसॉल, थर न पडलेली, ताजी माती. उतार एकच, खडक एकच, सगळा बेसाल्ट. पाणी माती खाली नेतं आणि वर दगड उरतो. एवढं सरळ आहे असं मी इतकी वर्षं समजत होते.

खरडीच्या पट्ट्यातला खड्डा अपेक्षेप्रमाणे निघाला. पंधरा सेंटीमीटर वरची माती, तिच्याखाली सत्तावीस सेंटीमीटरचा थोडा लालसर, ढेकळं धरणारा थर, मग मुरूम. दगड कोपऱ्याकोपऱ्याचे, म्हणजे नाल्याने घासत आणलेले नव्हेत, टेकडीवरून घसरत आलेले. एक दगड उपसून उलटा केला. वरची बाजू स्वच्छ काळी आणि खालच्या बाजूला चुन्याची पांढरी साय. पावसाचं पाणी चुना विरघळवून खाली उतरतं, दगडाच्या पोटाशी थबकतं, तिथेच वाळतं आणि चुना मागे ठेवतं. सौम्य ॲसिडचा थेंब टाकला, फसफसलं. काकाजींनी तो दगड माझ्याकडून मागून घेतला आणि बराच वेळ उलटसुलट करून पाहिला.

खरी गोष्ट वरच्या बरडीवर घडली. तिथे एक छोटा तुकडा आहे, दगडी गडग्याने वेढलेला. आत देवाचं ठाणं आहे म्हणून ढोरं सोडत नाहीत. दिवाळीनंतर गवत कापून नेतात, बस. आत पवन्या आणि मारवेल गुडघ्याच्या वर. बाहेर साठ पावलांवर कुसळ, तेही विरळ, मध्ये उघडी जमीन. मी आत एक खड्डा घेतला, बाहेर एक. उतार सारखा, दिशा सारखी.

आतला खड्डा सतरा सेंटीमीटरवर संपला. खाली सब्बल न लागणारा अखंड दगड. पण ते सतरा सेंटीमीटर! गवताचा एक गड्डा उचलला तर माती मुळांना लटकून राहिली, बाजरीच्या दाण्याएवढे तिचे कण, बोटांत दाबले की मऊ फुटणारे. मुळं इतकी बारीक की पांढऱ्या धाग्यांची जाळी वाटावी आणि ती थेट खडकाच्या फटीत शिरलेली. ओली करून रंगपट्टीला लावली. मातीचे रंग जुळवून पाहायच्या मन्सेलच्या पुस्तकात 7.5 वायआर 3/2, गडद तपकिरी. बाहेरच्या खड्ड्यात माती नऊ सेंटीमीटर. वर खुरांनी चेपलेली पापडी, पापुद्रे सुटणारी. ओला रंग 4/4, फिकट. प्रयोगशाळेत सेंद्रिय कर्ब आतल्या मातीत 1.3 टक्के आला, बाहेरच्या मातीत 0.4.

हे आकडे मी दोनदा तपासले, कारण त्यांनी वर्गच बदलतो. मातीच्या ज्या वर्गीकरणावर आपण सगळे काम करतो ते 1975 मध्ये अमेरिकेत छापलं गेलं. तेव्हा मातीचे दहा गण होते, आता बारा आहेत. त्यातला एक गण मॉलिसॉल. युक्रेन-रशियातली काळीभोर गवताळ माती, अमेरिकेतली प्रेअरीची माती, ही त्याची नावाजलेली घराणी. त्यासाठी वरचा थर गडद हवा, मऊ हवा, कर्ब निदान 0.6 टक्के हवा आणि कॅल्शियम-मॅग्नेशियमसारखे विनिमयक्षम, म्हणजे मातीच्या कणांना धरून राहणारे आणि मुळांना घेता येणारे, घटक भरपूर हवेत. बेसाल्टच्या मातीत ते असतातच, तपासणीत भरलेही. एरवी असा थर जाड लागतो, पण खाली थेट कडक खडक असेल तर 10 सेंटीमीटरही चालतो. गडग्याच्या आतल्या मातीने सगळ्या अटी पुऱ्या केल्या. बाहेरची जाडीत, रंगात आणि कर्बात नापास झाली.

म्हणजे बाहेरची एंटिसॉलमधली लिथिक अस्टॉर्थंट आणि आतली मॉलिसॉलमधली लिथिक हॅप्लुस्टॉल.

विद्यार्थ्यांना ही नावं जिभेला काटे फुटल्यासारखी वाटतात. मी त्यांना नाव उलगडून दाखवते. लिथ म्हणजे दगड. हॅपल म्हणजे साधं. अस्ट हा लॅटिन शब्दातून आला, त्याचा अर्थ होरपळलेलं. आणि शेवटचं ऑल म्हणजे मऊ. दगडावरची, साधी, होरपळीतली, मऊ माती. नागपूरचा मे महिना भोगलेल्या माणसाला हे नाव दुसऱ्यांदा समजावून सांगावं लागत नाही.

साठ पावलांत हा फरक केला गवताने. बहुवर्षायू गवताची बरीचशी मुळं दरवर्षी मरतात, तिथेच कुजतात, तोच तो काळा रंग. वर पात्यांचं छत असलं की पावसाचा थेंब थेट मातीवर आपटत नाही, पाणी मुरतं, माती जागेवर राहते. बाहेर छत गेलं, पापडी धरली, पाणी वाहिलं आणि गडद थर नाल्यात गेला. बाहेरही कधी काळी आतल्यासारखीच माती होती असं काकाजी म्हणतात. "इथं गवतात वासरू लपलं तं दिसे नाही," हे त्यांचे शब्द. माझे दोन खड्डे त्यांच्या बाजूने साक्ष देतात.

आता जे मला रात्री झोपू देत नाही ते सांगते. टेकडीच्या पलीकडच्या अंगाला एका योजनेत सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एकाच उंचीवरून जाणारे चर खोदले गेले. यंत्राने. चर वाईट नसतात. माती खोल असेल, खाली मुरूम असेल तर पाणी छान मुरतं, मी स्वतः अनेक गावांत त्यांची शिफारस केली आहे. पण जिथे मातीच वीतभर आहे तिथे यंत्राने खडकाच्या चिपा वर काढल्या आणि त्या मातीवरच टाकल्या. जो थर तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात तो एका दुपारी गाडला गेला. वर रोपं लावली. मुळं खडकाला टेकली आणि पुढच्या मे महिन्यात बहुतेक वाळली. खोदण्यापूर्वी कुणी एक खड्डा घेऊन खोली मोजली असती, फक्त खोली, तर हे टळलं असतं. त्याला एक माणूस, एक सब्बल आणि अर्धा तास लागतो.

1 मेच्या ग्रामसभेसाठी मी दोन पानांचा अर्ज लिहिला आहे. गायरान तीन भागांत वाटावं, दरवर्षी एक भाग आषाढापासून दिवाळीपर्यंत बंद ठेवावा, गवताचं बी पडून गेल्यावरच कापणी व्हावी आणि वीतभर मातीच्या पट्ट्यात यंत्र नेऊ नये. दोन-तीन पावसाळ्यांत पवन्या परतेल. रंग परतायला फार काळ लागेल, तो मी पाहणार नाही. तेही अर्जात लिहिलं आहे, कारण गावाला खोटी आशा दाखवायची नाही.

काकाजींना अर्ज वाचून दाखवला. त्यांनी एकच दुरुस्ती सुचवली. बंद भाग निवडताना आधी वरचा घ्यावा, खालचा नाही, कारण "बी वरून खालीच वाहते". मी तो भाग खोडून पुन्हा लिहिला. आतल्या खड्ड्यातला गवताचा गड्डा आम्ही दोघांनी जसाच्या तसा परत बसवला आणि त्याला बाटलीतलं उरलेलं पाणी घातलं.