मुलांना घेऊन व्हँकूव्हरचे टोटेम खांब

कॅनडातल्या व्हँकूव्हर शहरात, स्टॅनली पार्कमध्ये ब्रॉक्टन पॉइंटला नऊ टोटेम खांब आहेत, म्हणजे मूलनिवासी कलाकारांनी लाकडात कोरलेले उंच खांब. तिकीट नाही, त्यामुळे मुलं कंटाळली तर निघून यायला जिवावर येत नाही. पार्किंगचे पैसे मात्र पडतात. जायचं तर सकाळी लवकर. नंतर पर्यटकांच्या बस येतात आणि मुलांना माणसांच्या पाठीच दिसतात.

माहितीफलक नंतर वाचा. आधी मुलांना प्राणी ओळखू द्या. चोच सरळ असेल तर रेव्हन, म्हणजे डोमकावळा. खाली वाकलेली असेल तर गरुड, आणि डोक्यावर शिंगांसारखे तुरे असतील तर थंडरबर्ड, म्हणजे कथांमधला मेघगर्जना करणारा प्रचंड पक्षी. पुढचे दोन मोठे दात आणि चौकटी-चौकटींची शेपटी म्हणजे बीव्हर, झाडं कुरतडून ओढ्यावर बांध घालणारा प्राणी. एवढं सांगितल्यावर आमची चार वर्षांची लेक दादाच्या आधी "बीव्हर!" म्हणून ओरडायला लागली.

सात वर्षांच्या दादाने विचारलं, "हे देव आहेत का?" नाहीत. या खांबांची पूजा होत नाही. त्यांवर घराण्याची चिन्हं आणि कथा असतात. निस्गा या मूलनिवासी समाजातले कलाकार नॉर्मन टेट यांच्या 1987 च्या खांबावर त्यांच्या घराण्याने बीव्हर हे चिन्ह कसं घेतलं, तीच गोष्ट कोरली आहे.

सगळ्यात जास्त वेळ गेला मूलनिवासी शिल्पकार एलन नील यांनी 1955 मध्ये कोरलेल्या खांबापाशी. त्यावर झूनुक्वा आहे: जंगलातली राक्षसीण, ओठांचा चंबू करून "हू हू" करणारी, मुलांना पाठीवरच्या टोपलीत घालून नेणारी. तीच धनही देते, हे जरूर सांगा, नाहीतर रात्री झोपताना आठवण निघते. दोघांनी चंबू करून तिथेच चित्रं काढली. कागद-पेन्सिल सोबत ठेवाच.

दुपारी ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात गेलो. तिथे हायडा या मूलनिवासी समाजातले शिल्पकार जेम्स हार्ट यांचा 55 फुटी खांब 2017 पासून उभा आहे. आई-वडिलांपासून तोडून सरकार आणि चर्चच्या निवासी शाळांत नेलेली मूलनिवासी मुलं त्यावर आहेत, आणि तिथे दगावलेल्या मुलांसाठी ठोकलेले हजारो तांब्याचे खिळे. मुलांपासून हे लपवू नये असं मला ठामपणे वाटतं. "यांना घरी जाऊ दिलं नाही," एवढं चार वर्षांच्या मुलीलाही कळतं. मोठ्याला शाळांबद्दल आधी घरीच थोडं सांगून ठेवा.

याच विद्यापीठाच्या मानववंशशास्त्र संग्रहालयात जुने खांब उंच काचेच्या दालनात आहेत. तिथे तिकीट आहे. पाऊस असेल तर सुरुवात तिथूनच करा.