एका शिक्क्यासाठी बावन्न दिवस

शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या फाउंड्रीत बोनसवरून वाद पेटला होता. एका दैनिकानं बातमी छापली, त्याबद्दल तक्रार नाही. पण सोबत मालकांच्या बंगल्याचा फोटो, कॉलनीचं नाव आणि नातीची शाळासुद्धा! दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकाशी दोन कॅमेरेवाले उभे. पोरगी आठवडाभर घराबाहेर पडली नाही.

"मॅडम, बघा काय करता येतंय," मालक म्हणाले. वृत्तपत्रांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या प्रेस कौन्सिलकडे जायचं ठरलं. अर्ज एका संध्याकाळी लिहून झाला.

गाडं रुतलं ते त्याआधीच्या पायरीवर. आधी संपादकांना लेखी कळवायचं, त्या पत्राची प्रत तक्रारीला जोडायची. पत्र घेऊन गेले, तर साहेब मीटिंगमध्ये. पुन्हा गेले, साहेब पुण्याला. तिसऱ्या खेपेला पत्र ठेवून घेतलं, पण पोच नाही. शिक्का म्हणे अकाउंट्समध्ये, आणि अकाउंट्सवाले रजेवर. दैनिकातल्या मजकुराची तक्रार छापल्यापासून दोन महिन्यांत जावी लागते. इकडे पन्नास दिवस सरलेले. पहिल्याच दिवशी पोचपावतीसह स्पीड पोस्ट केलं असतं तर सुटले असते, पण अंगात रग, हातोहातच देणार म्हटलं! बावन्नाव्या दिवशी सकाळीच जाऊन रिसेप्शनच्या सोफ्यावर बसले. एक वाजता तिथेच डबा उघडला, भाकरी नि ठेचा. दहा मिनिटांत शिक्का हजर.

हो, बातमी मराठीत असेल तर कात्रणासोबत इंग्रजी भाषांतर जोडा. त्याच विषयावर कोर्टात काही चालू नाही, असं लिहूनही द्यावं लागतं. आणि टीव्हीवाल्यांची तक्रार इथे चालत नाही, ते कौन्सिलच्या कक्षेत येत नाहीत.

मालकांना बोनसची बातमीही तक्रारीत हवी होती. मी अडून बसले. कामगारांचे पैसे हा सार्वजनिक विषय, तो छापणारच. आपण घर आणि पोर एवढंच धरायचं. मग त्यांनी विचारलं, दंड किती होईल? प्रेस कौन्सिलच्या १९७८च्या कायद्यात दंडच नाही. कौन्सिल समज देतं, ताकीद देतं, निषेध नोंदवतं. त्यांचा चेहरा पडला.

निकाल यायचाय. शिक्क्यानंतर तिसऱ्या दिवशी संपादकांचा फोन मात्र आला, थेट मालकांच्या घरच्या नंबरवर. तो नंबर त्यांना कुणी दिला, हे आम्हाला अजून कळलेलं नाही.