दिवाळीचं मानधन होळीला

नोकरी सोडल्याचं सांगितलं तेव्हा बाबांनी एवढंच विचारलं, "महिन्याला किती सुटतील?" मी म्हटलं, बघू. पहिल्या वर्षी चार कथा छापून आल्या आणि त्यांचे मिळून साडेतीन हजार सुटले. वर्षाला.

काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन' मासिकाचा पहिला दिवाळी अंक १९०९ साली काढला. दिवाळी अंकांची प्रथा रुळली, आणि मराठी कथालेखकाचं वर्ष पाडव्याऐवजी उन्हाळ्यात सुरू व्हायला लागलं. एप्रिल-मेमध्ये घामाघूम होत लिहायचं, जून-जुलैपर्यंत पाठवायचं. ऑगस्टमध्ये सुचलेली कथा पुढच्या वर्षीची. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे पहिली कथा गणपतीत पाठवली आणि ती बघायलाही कुणाला वेळ नव्हता.

दुसऱ्या वर्षी मोठी फजिती झाली. मे महिन्यात एका अंकाला कथा पाठवली. जुलै संपला तरी हूं की चूं नाही. गेली असेल टोपलीत, असं धरून मी ती दुसरीकडे पाठवली. तिथून आठवड्यात होकार आला. ऑक्टोबरमध्ये दोन्ही अंक बाजारात, दोन्हींत तीच कथा. एकात नायिका ऊर्मिला, दुसऱ्यात ऊमिला, कारण युनिकोडचा मजकूर त्यांच्या फॉन्टमध्ये नेताना सगळे रफार उडाले होते. पहिल्या संपादकांचा फोन आला. आवाज चढला नव्हता, ते जास्त लागलं. "ताई, कळवायचं तरी." त्यांनीही कळवलं नव्हतं हे खरं, पण 'कथा परत घेते आहे' एवढी एक ओळ मला लिहिता आली असती. त्या अंकाचं दार मला पुढची तीन वर्षं बंद होतं.

त्यानंतर किराणा दुकानदाराकडे असते तशी लांब वही आणली. कथा, कुठे दिली, तारीख, उत्तर, मानधन, जमा. शेवटचा रकाना लाल पेनाचा. कथा परत घेतली की त्या ओळीवर आडवी रेघ. तोवर ती दुसरीकडे जात नाही.

मानधन विचारायला मात्र वहीपेक्षा जास्त वेळ लागला. मेसेज टाइप करायचा, पुसायचा. एकदा विचारलंच, तर उत्तर आलं, "दोन अंक पाठवतोय ना!" आता लेख घेतानाच शब्दसंख्या, मुदत, रक्कम आणि ती कधी मिळणार, हे चारही विचारून घेते. एकदोन संपादक दुखावले. दुखावू देत.

घर चालतं ते अनुवादावर आणि मासिकांतल्या लेखांवर. शेतीची माहितीपत्रकं, औषधांच्या पुड्यांवरच्या सूचना, काहीही. एका कंपनीच्या कामावर १० टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा कर, कापला गेला. मला वाटलं, गेले. सीएनं २६एएस, म्हणजे माझ्या नावावर कापलेल्या कराची नोंद, उघडून दाखवलं, रिटर्न भरायला लावलं आणि ते पैसे परत आले. सकाळी अनुवाद, दुपारी कथा असं ठरवलं होतं, पण दुपारी झोप येते. म्हणून उलटं केलं.

परवा एका कथेचे दीड हजार खात्यात जमा झाले. वहीत लाल पेनानं लिहीत होते. बाबा शेजारी पेपर वाचत होते.

"कशाचे?"

"दिवाळीच्या कथेचे."

"कुठल्या दिवाळीच्या?"

पान मागं उलटून बघावं लागलं.