ऑप-ॲम्पच्या इनपुटवरील ऋण व्होल्टेज: आधी रेझिस्टर, मग डायोड

घरातील वीजवापर मोजण्यासाठी एससीटी-०१३-०३० हा करंट ट्रान्सफॉर्मर वायरीवर अडकवला की ३० अँपिअरला तो १ व्होल्ट आरएमएस (बदलत्या व्होल्टेजचे परिणामी मूल्य) देतो, म्हणजे प्रत्येक आवर्तनात त्याचे व्होल्टेज अधिक १.४१ पासून उणे १.४१ पर्यंत झुलते. हा सिग्नल ५ व्होल्टच्या सिंगल सप्लायवर (ऋण पुरवठ्याशिवाय) चालणाऱ्या एलएम३५८ या ऑप-ॲम्पच्या, म्हणजे सिग्नल वाढवणाऱ्या चिपच्या, नॉन-इन्व्हर्टिंग (अधिक चिन्हाच्या) इनपुटला थेट जोडू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

डेटाशीटनुसार या इनपुटची खालची मर्यादा उणे ०.३ व्होल्ट आहे. त्याखाली गेल्यावर इनपुटच्या पीएनपी ट्रान्झिस्टरचे कलेक्टर-बेस जंक्शन फॉरवर्ड बायस होते, म्हणजे प्रवाह वाहू देते, चिपमधील पॅरासिटिक (रचनेतून आपोआप तयार झालेला) एनपीएन ट्रान्झिस्टर चालू होतो आणि शून्यावर राहायला हवे ते आउटपुट थेट वरच्या टोकाला जाऊ शकते. प्रवाह मर्यादेत असेल तर चिप जळत नाही. इनपुट वर आले की सारे पूर्ववत होते. मला हाच भाग अधिक घातक वाटतो, कारण जळालेली चिप लगेच लक्षात येते, पण ऋण अर्धचक्रात खोटे आउटपुट देणारी चिप सरासरीत मिसळून वाढीव आकडे दाखवत राहते.

पुष्कळजण अशा वेळी इनपुट आणि ग्राउंडमध्ये नुसता १एन४१४८ हा साधा सिलिकॉन डायोड लावतात. तो ०.६ व्होल्टच्या आसपास नीट वाहू लागतो, तोवर आतले जंक्शन वाहू लागलेले असते. म्हणून आधी सिग्नलच्या वाटेत १० किलोओहमचा रेझिस्टर आणि त्यानंतर इनपुटपाशी बीएटी५४ हा कमी व्होल्टेजलाच वाहू लागणारा शॉटकी डायोड, ॲनोड ग्राउंडला ठेवून, लावावा. उणे १.४१ व्होल्टला प्रवाह जेमतेम ०.१२ मिलिअँपिअर होतो आणि साधारण तापमानाला एवढ्या प्रवाहावर डायोड इनपुटला उणे पाव व्होल्टच्या आसपास रोखतो.

रेझिस्टर याहून फार मोठा घेऊ नये. ४५ नॅनोअँपिअर बायस करंट (चिपच्या इनपुटमधून वाहणारा प्रवाह) धरला तर १० किलोओहमवर ०.४५ मिलिव्होल्टची चूक येते, ती चालते. परंतु शॉटकीची गळती (उलट दिशेने वाहणारा प्रवाह) तापमानाबरोबर वाढते आणि तापलेल्या डब्यात ती १ मायक्रोअँपिअर झाली तर चूक १० मिलिव्होल्टची, म्हणजे सुमारे ०.३ अँपिअरची होते.

एमसीपी६००२ सारख्या सीमॉस ऑप-ॲम्पमध्ये इनपुटचा प्रवाह २ मिलिअँपिअरच्या आत ठेवावा लागतो; सप्लाय बंद असताना ट्रान्सफॉर्मर मात्र व्होल्टेज देतच असतो, तेव्हाही हाच रेझिस्टर कामी येतो. ऋण अर्धचक्रही मोजायचे असेल, तर क्लॅम्प न करता, म्हणजे डायोडने न रोखता, संपूर्ण सिग्नल दोन रेझिस्टरांच्या साहाय्याने २.५ व्होल्टवर उचलावा.