येळवसची गोष्ट, सोळा पानं आणि आमचं घर : माझा अनुभव

माझं पहिलं बालपुस्तक सोळा पानांचं आहे, दहा मिनिटात वाचून होतं, पण ते हातात यायला दोन वर्षं गेली आणि त्यात काय काय करावं लागतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून लिहितेय.

मी औशाची. लग्नाआधी लातूरला एका दाळमिलमध्ये वजनं लिहायला होते, तुरीचा कट्टा काट्यावर आला की नंबर, वजन, नाव. नंतर डीटीपी सेंटरवर आठ वर्षं, लग्नपत्रिका, कोर्टाचे अर्ज, कॉलेजच्या पोरांचे प्रोजेक्ट. गोष्टी सांगायला मात्र 2016 च्या उन्हाळ्यात लागले. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं ते वर्ष. आम्ही तिथंच भाड्यानं राहायचो, टँकर कधी येईल याचा नेम नाही, घागरी लाईनीत लावायच्या आणि ओट्यावर बसायचं. लेक पाच वर्षांची, उन्हानं कावून रडायची, म्हणून तिला येळवसची गोष्ट सांगितली, आंबिलाचं बिंदगं डोक्यावर घेऊन रानात निघालेल्या आजीची. दोनचार दिवसात गल्लीतली आठदहा पोरं येऊन बसायला लागली. पोरं कुठं मान वळवतात आणि कुठं "मग?" म्हणतात हे त्या ओट्यावरच कळलं मला.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या, मार्गशीर्षातली. लातूर-धाराशिवकडं त्या दिवशी गावं रिकामी होतात, सगळे रानात. कडब्याची कोप करून पांडव पुजायचे, मग भज्जी, उंडे, आंबील. पोरांच्या पुस्तकात दिवाळी असते, नाताळ असतो, आमची येळवस मला कुठंच दिसली नव्हती आणि ते मनाला लई लागायचं.

2022 च्या एप्रिलमध्ये उदगीरला 95 वं साहित्य संमेलन झालं तेव्हा एसटीनं गेले. भाषणं राहिली बाजूला, मी स्टॉलवर चित्रांची पुस्तकं उघडून पानं मोजत बसले, सोळा, चोवीस, बत्तीस. मोठा कागद छापून घड्या घालतात, त्याचा फॉर्मा होतो, म्हणून पानं अशी आठ-सोळाच्या हिशोबानं येतात. सोळातलं पहिलं पान नावाचं, दुसऱ्यावर किंमत, मुद्रक, आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख नंबर), म्हणजे गोष्टीला उरली चौदा. माझी गोष्ट होती चौदाशे शब्दांची!

एका प्रकाशकानं छापायचे पैसे मागितले, वर आयएसबीएनचे वेगळे. नंतर शोधलं तर आपल्याकडं तो दिल्लीच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून फुकट मिळतो, लेखकसुद्धा स्वतः ऑनलाईन अर्ज करू शकतो. त्या प्रकाशकाच्या करारात सगळे हक्क त्यांच्याकडं आणि मुदत लिहिलेलीच नाही. ज्यांचे अर्ज मी टाईप करायचे त्या वकीलसाहेबांना दाखवला, ते म्हणले 1957 च्या कॉपीराइट कायद्यात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात, पण त्याच्या भरवशावर राहू नका, किती वर्षं ते लिहून घ्या. नवीन लिहिणाऱ्या बायांनी हे एवढं तरी लक्षात ठेवा. मी तिथं सही केली नाही.

दुसरे प्रकाशक लहान पण सरळ निघाले, म्हणले चारशे शब्द करा. चारशे! पहाटे चारला उठून कापत बसायचे. त्या वेळेला स्वयंपाकघरात माझं काम असतं, पण आत्याबाईंनी (माझ्या सासूबाई) स्वतःहून भाकरीची परात ओढून घेतली, सहा महिने त्यांनीच थापल्या. ह्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, उन्हाळ्यात मान वर करायला सवड नसते, तरी वरच्या माळ्यावर फळी ठोकून मला टेबल करून दिलं.

मला वाकळ शिवायचा नाद आहे, त्याच सुईदोऱ्यानं कोऱ्या कागदांची सोळा पानांची डमी, म्हणजे नमुन्याचं पुस्तक, शिवली. नणंद जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, तिच्या दुसरीच्या वर्गात जाऊन वाचली. कोपीतून रानमांजर बाहेर येतं ते मी नवव्या पानावर ठेवलं होतं, म्हणजे उजव्या हाताला, आठवं वाचत असतानाच पोरांनी ते बघून टाकलं आणि सगळी मजा गेली. घरी येऊन ते दहाव्यावर नेलं, पान उलटल्यावरच दिसेल असं. पुन्हा वाचलं तर मागच्या रांगेतली पोरगी उभीच राहिली.

चित्रं पुण्याच्या एका ताईंनी काढली, फार गोड माणूस, पण पहिल्या चित्रात कोप म्हणजे दार-खिडकीची गवताची झोपडी. फोनवर समजावून सांगता येईना. मग आत्याबाई गच्चीवर गेल्या, कडब्याच्या पेंढ्या तिरप्या उभ्या केल्या, शेंडे वर एकत्र बांधले, पुढून बसून आत जाता येईल एवढी फट, आत पाच खडे चुन्यानं रंगवून मांडले, आणि ह्यांनी भोवती फिरून व्हिडिओ काढला. आत्याबाई मधेच कॅमेऱ्याकडं बघून म्हणल्या, "ताई, कडबा ज्वारीचा हाय, पिवळा काढा, हिरवा नको." ताईंनी चित्र नवीन काढलं, कडबा पिवळा.

प्रूफ मीच तपासलं. जुन्या फॉन्टमधून युनिकोडला नेताना जोडाक्षरं फुटली होती, चारशे शब्दात सव्वीस चुका निघाल्या, डीटीपीची आठ वर्षं तिथं कामी आली.

आता दुसरी डमी शिवलीय, दाळमिलमधल्या मांजरीची. दहाव्या पानावर काय येणार ते अडलंय. लेक म्हणते मांजर काट्यावर बसू दे, आणि आत्याबाई म्हणतात बसू दे की, पण किती भरली ते लिही.