पंचहौद ते ऑक्सफर्ड: पाळकपणाच्या प्रशिक्षणाचा माझा अनुभव

माझा बाप्तिस्मा पुण्यात पंचहौदाच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, झाला आणि दृढीकरणही, म्हणजे पुढे स्वतः विश्वास पक्का करण्याचा विधीही, तिथेच. नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये स्थायिक झाल्यावर, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, 2021 मध्ये मी इथल्या आमच्या पाळकांना भीतभीतच सांगितले की मला पाळकाची दीक्षा घ्यावीशी वाटते. त्यांना आश्चर्य वाटले नाही, याचेच मला जास्त आश्चर्य वाटले.

चर्च ऑफ इंग्लंडमध्ये कोणी आपणहून धर्मशास्त्राच्या महाविद्यालयात अर्ज करून पाळक होत नाही. त्याआधी पाचारणाची, म्हणजे देवाने या सेवेसाठी बोलावले आहे या जाणिवेची, पारख होते, आणि माझ्या बाबतीत ती वर्षभर चालली. धर्मप्रांताने या कामासाठी नेमलेले एक पाळक महिन्या-दीड महिन्याने मला बोलावत आणि बालपण, विवाह, पैसा, प्रार्थना, राग अशा सगळ्या विषयांवर बोलते करत. बाप्तिस्म्याचा आणि दृढीकरणाचा दाखलाही लागला. उत्तर भारताची मंडळी, म्हणजे सीएनआय, चर्च ऑफ इंग्लंडच्याच अँग्लिकन परिवारातली असल्यामुळे पुण्यातले दृढीकरण इथे चालते. मात्र जुन्या नोंदवहीतली ओळ सापडेपर्यंत माझ्या मामांना चार खेपा घालाव्या लागल्या.

खरी अडचण निराळीच होती. मी लिहून दिलेले आत्मनिवेदन परत आले, कारण त्यात सगळीकडे ‘आम्ही’ होते: आमच्या घरी रोज प्रार्थना होई, आमच्या आजीने स्तोत्रे पाठ करून घेतली, आमच्या मंडळीने मला घडवले. “यात तुम्ही कुठे आहात?” असे त्या पाळकांनी अतिशय सौम्यपणे विचारले. स्वतःविषयी ‘मी, मी’ करणाऱ्याला आमच्याकडे शहाणा म्हणत नाहीत, हे त्यांना समजावून सांगण्याचा मी प्रयत्न केला; त्यांनी ऐकून घेतले आणि निवेदन पुन्हा लिहायला सांगितले. पुढे राष्ट्रीय पातळीवरच्या दोन टप्प्यांतही, आधी ऑनलाइन झालेल्या छोट्या छोट्या मुलाखतींत आणि नंतर निवासी निवडीत, हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येत राहिला. निवड करणारे केवळ शिफारस करतात, निर्णय बिशपांचा असतो. बिशपांचे होकाराचे पत्र आले तेव्हा मला आनंदापेक्षा थकवाच अधिक जाणवला.

प्रशिक्षणाचा कालावधी साधारणपणे वय आणि आधीचे शिक्षण पाहून ठरतो. मला पूर्णवेळ दोन वर्षे मिळाली, आणि ऑक्सफर्डमधील सेंट स्टीफन्स हाउस हे महाविद्यालय मी निवडले. या निवडीत भावनेचा भाग होता, हे लपवण्यात अर्थ नाही. 1876 मध्ये स्थापन झालेले हे महाविद्यालय 1980 पासून ज्या वास्तूत आहे, ती मुळात काउली फादर्सची, म्हणजे रिचर्ड मो बेन्सन यांनी 1866 मध्ये स्थापन केलेल्या संघाची. आणि पंचहौदाचे मिशन चालवणारे तेच. रानडे, टिळक यांच्या 1890 मधल्या ज्या चहापानावरून पुण्यात ग्रामण्य, म्हणजे बहिष्काराचा वाद, झाले, तो चहा याच मिशनच्या आवारातला. ख्रिस्ती झालेले पंडित नीळकंठशास्त्री, म्हणजेच फादर नेहेम्या गोरे, 1876 मध्ये याच संघात नवदीक्षित म्हणून ऑक्सफर्डमधल्या काउलीला येऊन राहिले होते. त्यांनीही इथला पावसाळी अंधार आणि बेचव जेवण सोसले असेल, या विचाराने पहिल्या हिवाळ्यात मला बराच धीर आला.

वर्गात बायबल, सिद्धान्त, मंडळीचा इतिहास, नीतिशास्त्र, उपदेश असे विषय होते. बाहुली हातात घेऊन बाप्तिस्म्याचा सराव करताना हसू आवरणे कठीण जाई. रुग्णालयातल्या काही आठवड्यांच्या कामात मरणासन्न माणसाजवळ गप्प बसायला शिकलो. पण मला घडवले ते मुख्यतः प्रार्थनामंदिराने. सकाळ-संध्याकाळ स्तोत्रे म्हटली जातात. दोन्ही बाजूंचे लोक आळीपाळीने एकेक ओळ म्हणतात आणि प्रत्येक ओळीच्या मध्यभागी सगळे मिळून क्षणभर थांबतात. आजीने शिकवलेली स्तोत्रे मी खड्या आवाजात, एका दमात म्हणत आलेलो. त्यामुळे पहिले कित्येक दिवस त्या शांततेत माझा एकट्याचाच आवाज घुमत असे. कोणी टोकले नाही. शेजाऱ्याचा श्वास ऐकून थांबायचे, ही युक्ती मला तीन आठवड्यांनी साधली. ज्या मंडळींनी वर्षभर माझ्याकडून ‘मी’ वदवून घेतला, त्यांनीच तो इथे रोज दोनदा इतरांच्या आवाजात मिसळून टाकायला लावला. हा विरोधाभास मला तेव्हा अन्यायाचा वाटे, आता तसे वाटत नाही.

2024 च्या उन्हाळ्यात, संत पेत्राच्या सणाच्या सुमारास, डीकन म्हणून, म्हणजे पाळकाच्या आधीच्या पायरीवर, माझा दीक्षाविधी झाला. त्याआधी राजाप्रति निष्ठेची आणि बिशपांच्या कायदेशीर व न्याय्य आज्ञा पाळण्याची शपथ घ्यावी लागते. डीकनला प्रभुभोजनाचा विधी चालवता येत नाही. तो अधिकार पाळकाची दीक्षा मिळाल्यावर येतो, आणि मला ती वर्षभराने मिळाली. दीक्षाविधीत बिशपांनी विचारले की देवाने तुम्हाला या सेवेसाठी पाचारण केले आहे, असा तुमचा विश्वास आहे का. उत्तर आम्ही सगळ्या दीक्षार्थींनी एका सुरात दिले, आणि ते ‘मी’ने सुरू होत होते.